बाळकुम केंद्रावरील परीक्षकांसाठी सूचना

तीस-चाळीस वर्षांपूर्वीचं, फारसं कुणी न ऐकलेलं इंग्रजी संगीत ज्याला आवडतं, त्याच्यावर आपोआप एक जबाबदारी येऊन पडते: आपल्या मित्रांना ते खरंच कळतं का, हे वेळोवेळी तपासण्याची. हे काम दुसरं कोणी करत नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळ यमन आणि भूप तपासतं. पण पिक्सीजच्या १९८९ च्या 'डूलिटल'मध्ये नेमकं काय चाललंय, हे विचारायला त्यांच्याकडे परीक्षक नाही. परिणामी कितीतरी माणसं 'मला जरा हटके म्युझिक आवडतं' असं सांगत समाजात उजळ माथ्यानं वावरतात. प्रस्तुत सूचना त्यांच्या बंदोबस्तासाठी आहेत.

केंद्र म्हणून ठाण्यातलं बाळकुम निवडण्याचं कारण आधी सांगतो. वांद्र्यात असली परीक्षा घ्यायला गेलात तर उमेदवारच परीक्षकाला नापास करून बिल भरायला लावतो. बाळकुमला तो धोका कमी. एका बाजूला उंच टॉवर, दुसऱ्या बाजूला आगरी-कोळ्यांचं जुनं गाव, मधून जुना आग्रा रोड, त्याच्या डोक्यावर मेट्रो ५ चं काम आणि खालून भिवंडीच्या गोदामांकडे निघालेले ट्रक. नाक्यावरच्या टपरीपाशी उभं राहून प्रश्न विचारला की निम्मा उमेदवाराला ऐकूच येत नाही. तरीही तो 'हो हो, भारी बँड आहे' म्हणतो. परीक्षेला याहून चांगलं वातावरण मिळणार नाही.

अभ्यासक्रमाची हद्द उमेदवाराला परीक्षेआधी सांगू नये, पण परीक्षकाला ती माहीत असावी. विषय आहे इंडी. इंडी म्हणजे मोठ्या कंपनीच्या पैशाशिवाय, स्वतःच्या खिशातून किंवा एखाद्या छोट्या लेबलच्या आधारानं काढलेलं संगीत. १९८६ साली इंग्लंडातल्या एनएमई या साप्ताहिकानं २२ बँडांची एक कॅसेट काढली. सी-६०, सी-९० या कॅसेटच्या मापांवरून आणि सालावरून तिचं नाव ठेवलं सी-८६. छोट्या बँडांच्या त्या झणझणत्या, किंचित बेसूर गिटारींना पुढं कितीतरी वर्षं 'सी-८६ छाप' म्हणत. ही झाली व्याख्या. आता पहिला सापळा. उमेदवार हमखास निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड' सांगणार. तो १९९१ साली गेफेनसारख्या बड्या कंपनीच्या लेबलवर आला, म्हणजे इंडी नाही. दोन गुण कापावेत. 'ब्लीच' म्हणाला तर ठेवावेत. १९८९ चा तो अल्बम सिएटलच्या सब पॉप या छोट्या लेबलवर निघाला आणि ६०० डॉलरांत ध्वनिमुद्रित झाल्याचं त्याच्या पाकिटावरच छापलेलं आहे. एवढ्यात आपल्याकडे हळदीचा मांडवही होत नाही. मांडवाचा विषय पुढं येणार आहे, परीक्षकानं तयारीत राहावं.

लेखी परीक्षा घेऊ नये, हातात मोबाइल असतो. तोंडी आणि प्रात्यक्षिकावर भर द्यावा.

प्रात्यक्षिकाची सुरुवात टी-शर्टनं करावी. काळ्या कापडावर पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघांचा टी-शर्ट घातलेला माणूस रविवारी संध्याकाळी ठाण्यात गोखले रोडवर हमखास भेटतो. त्याला आदरानं बाजूला घ्यावं आणि विचारावं, 'हे काय आहे?' ईसीजी म्हणाला तर शून्य. 'आपला सह्याद्रीच ना' म्हणाला तरी शून्यच, पण अशा माणसाला पुढच्या ट्रेकला न्यावं. जॉय डिव्हिजन म्हणाला तर दोन, मँचेस्टर जोडलं तर तीन. पूर्ण गुण मात्र तारा सांगणाऱ्यालाच. त्या बँडच्या १९७९ च्या 'अननोन प्लेझर्स' अल्बमवर पीटर सॅव्हिलनं छापलेल्या त्या रेघा म्हणजे सीपी १९१९ या पल्सारचे एकाखाली एक मांडलेले ८० ठोके. हाच पहिला सापडलेला पल्सार, १९६७ साली जॉसलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीला केंब्रिजमध्ये दिसलेला. असल्या ताऱ्यांचे ठोके टिपायला आपल्याकडे नारायणगावजवळ खोडदच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना उभ्या आहेत. मुद्दा असा की टी-शर्टवाला दर सुट्टीत माळशेजला जाताना त्यांच्या तालुक्यातून जातो आणि वडापाव खाऊन परत येतो. हे त्याला सुनावायला विसरू नये.

दुसरं प्रात्यक्षिक कॅसेटचं, आणि यात घाई करू नये. साहित्य: एक टीडीकेची नव्वदची टेप, एक षट्कोनी पेन्सिल. पेन्सिल कशाला, असं विचारणाऱ्याला तिथंच चहा पाजून घरी पाठवावं. जो काही न बोलता ती चाकाच्या दातांत अडकवून टेप घट्ट करतो, त्याला पुढं बोलवावं. मग टेपच्या वरच्या कडेचे दोन चिमुकले चौकोन दाखवावेत. ते मोडले की त्या टेपवर पुन्हा भरता येत नाही; आणि भरायचंच असेल तर त्या खाचेवर चिकटपट्टी लावायची. ज्यानं ही चिकटपट्टी लावून वडिलांच्या भीमसेनांच्या अभंगांवर आर.ई.एम. या बँडचा 'मरमर' भरला, तोच खरा उमेदवार. त्याला हेही ठाऊक असतं की 'मरमर' संपल्यावर कड्... असा आवाज येतो आणि मग पंडितजी मधल्याच एका तानेवर प्रकट होतात. त्या पिढीत कित्येकांना वाटायचं की आर.ई.एम.चे अल्बम असेच संपतात.

याच टप्प्यावर एक गणिती प्रश्न घालावा: माय ब्लडी व्हॅलेंटाइनचा १९९१ चा 'लव्हलेस' नव्वदच्या टेपच्या एका बाजूला भरला तर काय होतं? अल्बम साडेअठ्ठेचाळीस मिनिटांचा, बाजू पंचेचाळीसची. म्हणजे शेवटचं सात मिनिटांचं गाणं मध्येच तुटतं. ज्याला ते गाणं अर्ध्यावर थांबतं असंच आजही वाटतं, त्यानं कॅसेट भरून देणाऱ्या दुकानातून ती घेतलेली आहे. त्याला पूर्ण गुण. ज्याला शेवट पाठ आहे, त्यानं परवा मोबाइलवर ऐकलाय.

आता मुख्य पेपर: नसलेले बँड. २०१३ साली अमेरिकेत जिमी किमेलच्या टीव्ही कार्यक्रमानं कोचेला महोत्सवाला आलेल्या लोकांना अस्तित्वात नसलेल्या बँडांची नावं घेऊन मतं विचारली, आणि लोकांनी ती भरभरून दिली. पद्धत तीच, फक्त कच्चा माल स्थानिक वापरावा. बाळकुमच्या आसपास तो मुबलक आहे. 'ओल्ड आग्रा रोड' हे नाव जसंच्या तसं घ्या. लीड्स, १९८८, तिघांचा बँड, एकच अल्बम. 'कशेळी क्रीक' अमेरिकन वाटतो, त्याला ओहायोत टाकावं. कापूरबावडीचं इंग्रजीकरण करून 'द कॅम्फर वेल' केलं की तो थेट ग्लासगोचा होतो, आणि त्यात व्हायोलिन वाजवणारी एक अबोल मुलगीही असते. 'ढोकाळी' वापरू नये. ते नाव कितीही वाकवलं तरी ढोकाळीच राहतं, हा अनुभवाचा सल्ला आहे.

नाव उच्चारताना त्यावर जोर देऊ नये. चहाचा घोट घेऊन, दुसऱ्याच विषयाच्या मध्यात, 'त्या कॅम्फर वेलसारखा आवाज आहे बघ यांचा' एवढंच म्हणावं आणि रस्त्याकडे पाहावं. उमेदवार तीन प्रकारे उत्तर देतो. 'ऐकलंय, पण फार नाही' म्हणणारा सावध असतो, बहुधा बँकेत असतो. 'पहिला अल्बम क्लास होता, नंतर विकले गेले' म्हणणारा नापास. मात्र हे विधान जगातल्या प्रत्येक बँडबद्दल खरं असल्यानं त्याला व्यवहारज्ञानाचे दोन गुण देणं भाग आहे. तिसरा म्हणतो, 'त्यांचा ड्रमर सोडून गेला ना, तिथं सगळं बिघडलं.' याला वाया घालवू नये. त्याला पुढच्या वर्षी सहपरीक्षक नेमावं.

दक्षता एकच: नाव ठरवण्याआधी तसा बँड खरोखर नाही ना, हे तपासून घ्यावं. या क्षेत्रात खोट्यापेक्षा खरं अधिक अविश्वसनीय असतं. 'हाफ मॅन हाफ बिस्किट' हे नाव कुणी खोटं म्हणून खपवायला गेला तर तो स्वतःच तोंडघशी पडेल. ते त्या सी-८६ कॅसेटवर आहेत. आणि जो उमेदवार सरळ 'नाही ऐकलं बुवा' म्हणतो, त्याला 'खरंच नाही?' असं किमान तीनदा, प्रत्येक वेळी अधिक सहानुभूतीनं विचारावं. तिसऱ्याला बहुतेक जण फुटतात.

यानंतरचा विभाग आपल्या मातीतला, आणि इथं भले भले गळतात, कारण ते मातीकडे बघतच नसतात. प्रश्न: आशा भोसले इंग्लंडात नंबर एकवर कधी पोचल्या? उमेदवार हसतो. हसू द्यावं. कॉर्नरशॉप हा लेस्टरचा इंडी बँड. त्यांनी आशाताईंवर आणि ४५ फेऱ्यांच्या छोट्या तबकडीवर १९९७ साली गाणं केलं, 'ब्रिमफुल ऑफ आशा'. आधी ते फारसं चाललं नाही. नॉर्मन कुक या डीजेनं त्याला वेग दिला आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये ते तिथं पहिलं आलं. ज्यानं लग्नात कुकच्या आवृत्तीवर नाच केलाय, त्याचा एक गुण जातो. पुरवणी प्रश्न: आर.ई.एम.चा मायकेल स्टाइप आशाताईंबरोबर कुठं गायला? '१ जायंट लीप'च्या २००२ च्या अल्बमवर. ज्याच्याकडे आर.ई.एम. सगळे आहेत त्याला हे माहीत नसतं. ज्याच्या आईकडे आशाताई सगळ्या आहेत, तिलाही नसतं.

त्याच्या पुढचा प्रश्न नंदू भेंडे यांचा, आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नपत्रिकेत हाच एक विचारण्याजोगा आहे. अॅलेक पदमसींच्या १९७४ च्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये ज्यूडास होऊन रॉक गाणारा माणूस चार वर्षांनी पु. लं.च्या 'तीन पैशाचा तमाशा'मध्ये संगीत करताना दिसतो, आणि तो आत्माराम भेंड्यांचा मुलगा असतो. इंग्रजी ऐकणाऱ्यांना तो मराठी नाटकवाला वाटतो, मराठी नाटकवाल्यांना तो इंग्रजी गाणारा. त्यामुळं दोघंही त्याला दुसऱ्याच्या खात्यात टाकून मोकळे होतात. दोघांनाही नापास करावं, हातचं राखू नये.

मळवली स्टेशन कशासाठी माहीत आहे, असंही विचारून पाहावं. भाजे लेणी, लोहगड ही उत्तरं शाळेच्या सहलीची. १९७१ ची 'स्नेहयात्रा', म्हणजे आपलं छोटेखानी वुडस्टॉक, तिथं भरलं होतं, हे सांगणारा भेटला तर त्याचं वय विचारू नये.

रंगभवनाचा प्रश्न मात्र खोटारडे पकडण्यासाठी आहे. धोबीतलावचं ते खुलं नाट्यगृह. १९८६ पासून तिथं इंडिपेन्डन्स रॉक भरायचा, रॉक मशीन हा बँड तिथं वाजवायचा, ज्याचं १९९३ मध्ये इंडस क्रीड झालं आणि ज्यात महेश तिनईकर गिटारवर होते. आजूबाजूला इस्पितळं आणि कॉलेज. शांतता क्षेत्राचा नियम आला आणि ते सगळं थांबलं. आता पन्नाशीतला प्रत्येक ठाणेकर 'आम्ही रंगभवनला जायचो' असं सांगतो. त्याला बँडांची नावं विचारू नयेत, ती पाठ असतात. विचारावं, 'परत कसा आलास?' खरा माणूस म्हणतो, चालत व्हीटी, मग स्लो लोकल, मुलुंडपर्यंत उभ्यानं. १९८८ ची गोष्ट सांगताना ज्याच्या तोंडून 'सीएसटी' निघतं त्याचे तीन गुण जावेत, कारण ते नाव १९९६ चं. 'ओला केली' म्हणणाराही भेटतो. त्याला काही बोलू नये.

शेवटची आणि महत्त्वाची सूचना: बाळकुम गावात हळद असेल त्या रात्री परीक्षा ठेवू नये. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा नियम सर्वांना ठाऊक आहे, हळदीला सोडून. पण खरी अडचण आवाजाची नाही, उलटप्रश्नांची आहे. गावातला एखादा मित्र तुमच्या सी-८६ ला मान डोलावतो आणि बेंजोकडे बोट दाखवून विचारतो, 'आणि हे वाद्य कुठलं रे?' गाडीवर बसलेला तो पोरगा डाव्या हातानं टाइपरायटरसारखी बटणं दाबतोय, उजव्यानं पट्टीनं तारा छेडतोय, आणि पिकअपमधून गेलेला तो चिरका आवाज सातव्या मजल्यावरच्या काचा हलवतोय. लोक त्याला बेंजो म्हणत असले तरी अमेरिकेतल्या बँजोशी त्याचा संबंध नाही. १९१२ साली जपानात नागोयाला गोरो मोरितानं तैशोगोतो हे बटणांचं तंतुवाद्य काढलं, ते हिंदुस्थानात येऊन बुलबुलतरंग झालं, आणि त्याला वीज लावून आपल्या लोकांनी ते हळदीला आणलं. बेंजो पथकाचे स्पीकर पोरांनीच वर्गणी काढून घेतलेले, गाणी त्यांचीच, मागं कुठली कंपनी नाही. वरच्या व्याख्येप्रमाणे गुणदान केलं तर पहिला क्रमांक कुठं जातो, हे परीक्षकाच्या ध्यानात आलंच असेल. म्हणून हा विभाग अभ्यासक्रमातून वगळण्यात आला आहे. कुणी विचारलं तर पुढच्या वर्षी विचार करू असं सांगावं.

निकाल लगेच जाहीर करू नये. उमेदवाराला आठवडाभर वाट पाहू द्यावी, मधल्या काळात भेटल्यास गंभीर चेहरा ठेवावा. कुणालाही पूर्ण उत्तीर्ण करू नये. उत्तीर्ण मित्र उद्या स्वतःचं केंद्र काढतो, बहुधा डोंबिवलीला. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज मामलेदारची मिसळ समोर ठेवून तोंडीच करावा. शुल्क दोन प्लेट, जादाचा पाव परीक्षकाकडे. रस्सा मात्र ज्यानं त्यानं आपापल्या जबाबदारीवर मागावा.