तीन सेकंदांचं संग्रहालय

सगळा दोष मोगलीचा. १९८९ साली जपानात तयार झालेली ती मालिका आम्ही रविवारी दूरदर्शनवर हिंदीत पाहिली आणि मोगली जपानी आहे हे कळेपर्यंत आम्हाला मिसरूड फुटलं होतं. असा अंधार पुढच्या पिढीच्या वाट्याला येऊ नये, म्हणून मी जपानी ॲनिमेतल्या निवडक हलत्या तुकड्यांचा, म्हणजे जिफांचा, संग्रह करायला घेतला. पुढच्या पिढीनं तशी काही मागणी केली नव्हती.

जिफ हा प्रकार १९८७ सालचा. एका चौकटीत जास्तीत जास्त २५६ रंग. दिग्दर्शक शिनकाईच्या ‘युअर नेम’मधलं मावळतीचं आकाश त्यात कोंबलं, की त्यावर कुणीतरी भाजलेला रवा सांडल्यासारखं दिसतं. पुन्हा सिनेमा धावतो सेकंदाला २४ चौकटींनी आणि जिफ वेळ मोजतो सेकंदाच्या शंभराव्या भागात. शंभराला चोवीसनं भाग जात नाही, त्यामुळे चित्र किंचित पुढे पळतं. सामान्य माणसाला हे कळत नाही. पण चाहत्यांच्या ग्रुपमध्ये सामान्य माणूस नसतोच. एकानं तत्काळ कळवलं, ‘तुमचा टोटोरो घाईत आहे.’ सिनेमातला हा गलेलठ्ठ प्राणी बसथांब्यावर नुसता उभा होता.

मग मी वर्गीकरणाला हात घातला. ‘रडणे’ या फोल्डरात ‘डोळे भरून येणे’, ‘एकच थेंब’, ‘पावसात रडणे’ आणि ‘नाकासकट रडणे’ असे पोटविभाग पाडले. इथवर शास्त्र टिकलं. ‘स्पिरिटेड अवे’मधली चिहिरो भाताचा गोळा खाता खाता हमसून रडते, तिथे कोसळलं. हे खाणं की रडणं? ग्रुपमध्ये दोन तट पडले, जुनी मैत्री धोक्यात आली. अखेर ‘खाता खाता रडणे’ असा स्वतंत्र फोल्डर उघडला. त्यात ती एकटीच बसली आहे.

दरम्यान कुणी काही मागितलं, की मला सापडेना. पावसातला टोटोरो ‘पाऊस’मध्ये की ‘वाट पाहणे’मध्ये? उलट मावशीच्या फोनमध्ये एकही फोल्डर नाही, पण विठोबा, गुलाब, वाढदिवसाचा केक, जे हवं ते क्षणात हजर! शेवटी तिलाच संग्रह दाखवला. तिनं भराभर सरकवत एकच तुकडा उचलला. ‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’मधला हाउल तव्यावर बेकन आणि अंडी परततो आणि टरफलं चुलीतल्या अग्निराक्षसाच्या तोंडात टाकतो, तो.

“मुलगा वळणाचा दिसतो रे,” मावशी म्हणाली, “आधी अग्नीला घास देतोय.”

मी काही बोललो नाही. माझ्या संग्रहाला पहिल्यांदाच दाद मिळत होती.

आषाढी एकादशीच्या पहाटे तो तुकडा ‘शुभ सकाळ’सह तिच्या भजनी मंडळात गेला. पाठोपाठ तिचा फोन आला.

“अरे, बायका विचारताहेत, हे उपासाला चालतं का?”