आमचा पेपर आम्हीच तपासला

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२५ मध्ये ई-कॉमर्सवाल्यांना फर्मान काढलं. फर्मान कसलं, विनंतीच ती. तुमच्या ॲपमध्ये ग्राहकाला गंडवणाऱ्या खुब्या आहेत का, ते तुमचं तुम्हीच तीन महिन्यांत तपासा आणि नसतील तर तसं लिहून द्या. नोव्हेंबरात सव्वीस मोठ्या कंपन्यांनी लिहून दिलं की, आम्ही स्वतःला कसून तपासलं, तसलं काही सापडलं नाही. काहींनी तर बाहेरचा ऑडिटरही बोलावला होता. त्याचं बिल कोणी भरलं, हे विचारणं असभ्यपणाचं. सरकारने सव्वीसही जणांची पाठ थोपटली आणि बाकीच्यांनी त्यांचा कित्ता गिरवावा असं सुचवलं.

मला ही पद्धत मनापासून आवडली. दहावीच्या परीक्षेत भरारी पथकं, सीसीटीव्ही, पोलीस बंदोबस्त यांवर मंडळ उगाच पैसा घालवतं. पोरांनाच सांगावं, बाळांनो, पेपर लिहा, तपासा, आणि कॉपी केली नसल्याचं खाली लिहून सही करा. ज्याने केली असेल तो लिहून देईल का? नाही देणार. मग कॉपी झालीच नाही. एसटीच्या तिकीट तपासनीसांना तर आजच घरी पाठवता येईल. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा चेहरा ही बातमी वाचल्यापासून भलताच खुलला आहे. गेल्या वर्षीच्या रंगकामाचा हिशेब ते स्वतःच तपासून स्वतःच मंजूर करणार आहेत, आणि वार्षिक सभेत फक्त चहा होईल असं दिसतं.

अडचण एवढीच की ही सवलत सगळ्यांना नाही. ज्या नोव्हेंबरात कंपन्यांनी आपल्या सज्जनपणाचा दाखला आपल्याच हाताने लिहिला, त्याच नोव्हेंबरात आमच्या शेजारचे काका बँकेत रांगेत उभे होते. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेला माणूस. दर वर्षी नोव्हेंबर आला की त्यांना आपण जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं. काका काउंटरपर्यंत स्वतःच्या पायांनी चालत गेले, क्लार्कशी दोन शब्द भांडले, तेवढ्याने भागलं नाही. अंगठा लावा म्हणाले. अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या, यंत्र ओळख देईना. काका म्हणाले, "अहो, मी समोर उभा आहे, मी स्वतः सांगतो की मी जिवंत आहे." क्लार्क म्हणाली, "काका, असं नुसतं तुमच्या सांगण्यावर नाही चालत." क्लार्कचं बरोबरच आहे. स्वतःच्या सांगण्यावर चालायला निदान काही हजार कोटींची उलाढाल हवी.

आता या कंपन्यांना स्वतःत काय शोधायचं होतं, तेही बघू. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी सरकारने 'डार्क पॅटर्न'ची, म्हणजे याच गंडवणाऱ्या खुब्यांची, तेरा प्रकारांची यादी अधिसूचित केली. यादी वाचण्यासारखी आहे. सरकारी कागद असूनही ती लिहिणाऱ्याने स्वतः कधीतरी रात्री बाराला विमानाचं तिकीट काढलेलं असावं, अशी शंका येते. विमा नको म्हणणाऱ्या प्रवाशाच्या तोंडी 'मी असुरक्षितच राहीन' असं वाक्य घालणं, हे त्यातलं एक उदाहरण. नाही म्हणण्याचा हक्क तुम्हाला आहे, फक्त तो बजावताना आपण बायकापोरांच्या जिवावर उठलेले नराधम आहोत हे मान्य करून बटण दाबायचं. दुसरा प्रकार खोट्या घाईचा. 'फक्त दोन खोल्या शिल्लक, तीस जण बघताहेत.' महाबळेश्वरला ऐन पावसात, जेव्हा हॉटेलवाला स्वतःसुद्धा खाली वाईला जाऊन राहतो, तेव्हाही ते तीस जण बघतच असतात. बिचाऱ्यांना दुसरा उद्योग नसावा. तिसरा प्रकार सबस्क्रिप्शनच्या सापळ्याचा. आत जायला एक बटण, बाहेर पडायला सात पडदे. आधी 'खरंच जाताय?', मग 'का जाताय?', मग 'अर्ध्या किमतीत राहाल का?', आणि शेवटी ग्राहक सेवा केंद्राचा नंबर, जो सोमवार ते शुक्रवार चालू असतो आणि तुम्ही शनिवारी फोन करता. सासर सोडून निघालेल्या सुनेलाही इतकं अडवत नाहीत.

यादीत ठिबकणाऱ्या किमतीचाही प्रकार आहे. सुरुवातीला एक आकडा दाखवायचा, आणि पैसे भरण्याच्या पानापर्यंत त्यात थेंब थेंब भर घालत न्यायचं. ठिबक सिंचनाची आपल्या राज्याला सवय आहे, पण तिथे निदान पीक येतं. घरपोच जेवणाचं घ्या. झोमॅटोने ऑगस्ट २०२३ मध्ये दर ऑर्डरमागे दोन रुपये प्लॅटफॉर्म फी घ्यायला सुरुवात केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती दहा झाली, सप्टेंबर २०२५ मध्ये बारा. दोन वर्षांत सहापट. ही फी डिलिव्हरीची नाही, ती वेगळी. पॅकिंगची नाही, तीही वेगळी. पावसाची नाही, तिचाही स्वतंत्र भाव आहे. मग ही कसली? तुम्ही ॲप उघडलंत, त्याची. आणि या फीवर सरकार अठरा टक्के जीएसटी घेतं. परीक्षकाचा वाटा विद्यार्थ्याच्या उत्पन्नातच असला की तपासणी प्रेमळ होणारच.

टॅक्सीच्या ॲपांनी तर टिपेचा अर्थच उलटा फिरवला. आपल्याकडे टिप काम झाल्यावर, खूश होऊन देतात. इथे गाडी यायच्या आधीच विचारणा होऊ लागली, थोडी टिप वाढवलीत तर गाडी लवकर येईल. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहारमंत्री प्रल्हाद जोशी यांनी उबरच्या या आगाऊ टिपेला अनैतिक म्हटलं आणि नोटीस निघाली. आगाऊ टिपेला आमच्या ऑफिसांमध्ये जुनं, रुळलेलं नाव आहे. पण ते इथे लिहिलं तर नोटीस मला येईल. त्याआधी जानेवारीत ओला आणि उबर यांना विचारलं गेलं होतं की, एकाच प्रवासाला आयफोनवाल्याला एक भाडं आणि साध्या फोनवाल्याला दुसरं, असं होतं का? दोघांनीही सांगितलं, नाही. अशी नम्र विचारपूस आमच्या काकांच्या नशिबी यायला त्यांना किती नोव्हेंबर काढावे लागतील कोण जाणे.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, मग काय प्रत्येक ॲपमागे सरकारने इन्स्पेक्टर बसवायचा? बसवू नये. पण कोपऱ्यावरच्या वाण्यामागे बसवलाच आहे. मंडईतल्या भाजीवालीच्या तराजूला वैधमापनवाल्यांचा शिक्का लागतो. मुदत संपली की पुन्हा पडताळणी, पुन्हा फी, पुन्हा शिक्का. तिने जर साहेबाला सांगितलं, "माझी वजनं मीच घरी तपासली, बरोबर भरली," तर साहेब कौतुकाचं पत्रक काढणार नाही, पावती फाडेल. पन्नास ग्रॅम मेथीला शिक्का लागतो. कोट्यवधी लोकांच्या खिशात बसलेल्या तराजूला मात्र मालकाची शपथ पुरते.

आणि ही शपथ पुरत नाही, हे शहाणपण काही नवीन नाही. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली आणि पुढल्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तेव्हाचे लोक व्यापाऱ्याच्या शब्दावर विसंबले नाहीत. संघ केले, एकत्र यादी केली, घाऊक माल आणला, आणि सतरंजीवर बसून आपल्या हाताने वाटला. ग्राहक संरक्षण कायदा यायला त्यानंतर आणखी दहा-बारा वर्षं लागली, तो १९८६ चा. आज ती मंडळी असती तर त्यांनी आधी हे विचारलं असतं की, ॲपच्या तराजूची दांडी धरायची कुठून?

कंपन्यांचं यावरचं उत्तर ठरलेलं आहे. बाजारात स्पर्धा आहे, आमचं पटत नसेल तर दुसरीकडे जा. जातो की. मोबाइलचं उदाहरण घेऊ. २०२४ च्या जूनअखेरीस जिओने दरवाढ जाहीर केली. लगोलग एअरटेलने केली, लगोलग व्होडाफोन आयडियाने केली. पहिल्या दोघांची वाढ ३ जुलैला लागू झाली, तिसऱ्याची ४ जुलैला. इतकी अटीतटीची स्पर्धा मी फक्त शाळेतल्या तीन पायांच्या शर्यतीत पाहिली होती. ज्याला हे पटलं नाही तो दुसरीकडे गेला, आणि तिथेही त्याचं त्याच भावात स्वागत झालं. बीएसएनएलकडे वळलेलेही पुष्कळ होते. त्यांच्याशी नंतर फोनवर बोलायचा प्रयत्न केला तेव्हा रेंज नव्हती.

या मंडळींनी दिनदर्शिकाही सुधारली आहे. त्यांचा महिना अठ्ठावीस दिवसांचा असतो, म्हणून वर्षाला तेरा रिचार्ज लागतात. जानेवारी २०२२ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने आदेश काढला की निदान एक तरी प्लॅन तीस दिवसांचा ठेवा. निदान एक तरी! देवळात निदान एक तरी दिवा लावा म्हणावं तसं. त्यांनी लावला. तो कोणत्या कोपऱ्यात लावला, हे शोधायला आधी डेटा पॅक मारावा लागतो.

पैशाच्या व्यवहारातही हीच तऱ्हा. यूपीआयवर कोणत्याही एका ॲपचा वाटा तीस टक्क्यांहून अधिक नसावा, असं यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने नोव्हेंबर २०२० मध्ये ठरवलं. मग मुदत २०२४ च्या अखेरीपर्यंत वाढली. मग २०२६ च्या अखेरीपर्यंत. दरम्यान फोनपे आणि गुगल पे या दोघांकडे मिळून ऐंशी टक्क्यांच्या आसपास व्यवहार आहेत. नगरपालिकेच्या नोटिशीवर जो अनधिकृत टपरीवाला इतकी वर्षं काढतो, त्याला आम्ही वजनदार म्हणतो.

कुणी म्हणेल, स्पर्धा आयोग आहे ना! आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याने गुगलला दोन दंड ठोठावले. अँड्रॉइडच्या प्रकरणात १,३३७.७६ कोटी, आणि प्ले स्टोअरच्या प्रकरणात ९३६.४४ कोटी. पहिला अपिलातही कायम राहिला. दुसरा मार्च २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने २१६.६९ कोटींवर आणला. तुळशीबागेत तासभर उभं राहून, दोनदा निघून जायचं नाटक करूनही आमच्या घरच्यांना नऊशे छत्तीसचं दोनशे सोळावर आणता आलेलं नाही. कंपनीने कोणता वकील लावला होता ते कळलं तर दिवाळीच्या खरेदीला त्यांनाच घेऊन जाऊ. या अशा प्रकरणांना वर्षं लागतात, म्हणून बड्या कंपन्यांना आधीच नियम घालून देणाऱ्या कायद्याचा मसुदा मार्च २०२४ मध्ये आला. कंपन्यांनी तो वाचला आणि नवकल्पनांचा गळा घोटला जाईल, अशी भीती व्यक्त केली. ही भीती रास्त आहे. नाही म्हणणाऱ्याच्या तोंडी 'मी असुरक्षितच राहीन' घालायला नवकल्पनाच लागते.

तरीही ग्राहक अगदीच निराधार नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, नंबर १९१५, मराठीतही बोलता येतं, आणि अनेकांचे अडकलेले पैसे तिच्यामुळे परत मिळाले आहेत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. एका ॲपने मला न विचारता वर्षभराचं सबस्क्रिप्शन पुढे रेटलं होतं, म्हणून मीही फोन केला. बाईंनी आपुलकीने सगळं लिहून घेतलं. तक्रार पुढे कुठे जाते, असं विचारलं. म्हणाल्या, "कंपनी आमच्याशी जोडलेली आहे ना, त्यामुळे थेट कंपनीकडेच जाते." अशा जोडलेल्या कंपन्या हजारावर आहेत म्हणे. व्यवस्था वेगवान आहे यात शंका नाही. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच टेबलावर ती त्याच दिवशी पोचते.

चार दिवसांनी कंपनीचा मेसेज आला. आपल्या तक्रारीची आम्ही सखोल चौकशी केली असून आमच्याकडून कोणतीही चूक झालेली नाही, तक्रार बंद करत आहोत, सेवेबद्दल आपला अभिप्राय कळवावा. खाली पाच तारे होते, पाचही आधीच पिवळे केलेले. मी चार पुसायला गेलो. पुसले जाईनात. बटण एकच होतं, आणि त्यावर लिहिलं होतं, 'मी समाधानी आहे.'