अण्णा रानात राहायला गेले त्याची गोष्ट

सकाळी साडेसातला भिंतीपलीकडून "ताई, ओ ताई" आलं की मी गॅस बारीक करते. आमच्या आणि काकूंच्या घरामध्ये कमरेएवढी भिंत आहे. तिच्यावर काकूंचे पापड वाळतात, माझी पायपुसणी वाळतात आणि भूमच्या बातम्या ओल्या असतानाच इकडून तिकडे जातात. परवाची हाक जरा वरच्या पट्टीतली होती. बाहेर येऊन बघते तर काकूंच्या कपाळावर दिवा. खाणीत उतरणाऱ्यांचा असतो तसा, पट्ट्यानं आवळलेला, आणि भर उजेडात लाल लुकलुकणारा.

"काय ओ हे?"

"सांगते. आधी सांगा, रातचा ड्रोन बघितला का तुम्ही ग्रुपवर?"

बघितला होता. काळाकुट्ट फोटो, मधोमध लाल ठिपका आणि खाली 'शिवारात पुन्हा ड्रोन, सर्वांनी सावध राहावे'. त्याखाली हात जोडलेल्यांची रांग.

"ते ड्रोन न्हाई," काकू म्हणाल्या. "ते आमचे हे हाईत."

काकूंचे हे म्हणजे अण्णा. त्यांनी उभा जन्म खव्याच्या भट्टीवर काढला. आमच्या तालुक्यात हे काही नवलाचं नाही. गाव कोणतंही असो, पहाटे दूध आटायला लागतं. पाच लिटर गाईचं दूध आटवावं तेव्हा कुठं किलोभर खवा पदरात पडतो. आता कुंथलगिरीच्या खव्याला जीआय मानांकन मिळालंय, त्याचा अण्णांना अभिमान आहे. पण भट्टी मुलाकडे गेली आणि अण्णांच्या हातात फोन आला. चाळीस वर्षं धुरानं डोळे लाल केलेला हा माणूस आता काय बघतो, तर लाकडावर लाकूड घासून जाळ करणारा एक उघडा गोरा.

त्या गोऱ्याला मीही ओळखते. जॉन प्लँट नावाचा ऑस्ट्रेलियातला माणूस, क्वीन्सलँडच्या उत्तरेकडचा. २०१५ पासून त्याचे व्हिडिओ येतात. अंगावर फक्त अर्धी चड्डी, हाताशी ना कुऱ्हाड ना खिळा. दगडाचीच कुऱ्हाड करतो, मातीची कौलं भाजतो, भट्टीला हवा घालायचा भाता स्वतः बनवतो. आणि तोंडातून अवाक्षर काढत नाही. अण्णा म्हणायचे, बघा, खरा तपस्वी, मौन पाळतो. सहा महिने हे चाललं. मग दिवाळीत नातू आला, त्यानं पडद्यावरचं एक बटण दाबलं आणि खाली अक्षरं उमटली. तो गोरा प्रत्येक कृती लिहून समजावत होता! अण्णांनी सहा महिने मुक्यानं बघितलं होतं. नातवानं वर आणखी एक सांगितलं, की हा माणूस तिथं राहत नाही, तुमच्याआमच्यासारखा घरात राहतो आणि रानात काम करायला जातो. ते अण्णांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

"आणि त्यात तुम्ही तेल वतलंत," काकू माझ्याकडे बोट करून म्हणाल्या.

हे मात्र खरं. अण्णांनी एकदा विचारलं, रानात जाऊन राहिलेलं शिकलेलं माणूस कुणी हाय का? मी मराठीची मास्तरीण. मी थोरोची गोष्ट सांगितली. १८४५ साली अमेरिकेत एका तळ्याकाठी झोपडी बांधून हा गडी दोन वर्षं दोन महिने राहिला, झोपडीला अठ्ठावीस डॉलर साडेबारा सेंट खर्च आला तोही लिहून ठेवला. त्याचं पुस्तक दुर्गाबाई भागवतांनी मराठीत आणलं. अण्णांना सगळ्यात आवडला तो खर्चाचा आकडा. काकूंनी मात्र वेगळंच विचारलं, "गावापासून किती लांब हुती झोपडी?"

"दीड-दोन मैल."

"मग ते रान कुठलं? ते शेतच की. आन् जेवायला?"

"अधूनमधून घरी जायचा."

"बघा!" काकूंनी पापड उलटला. विद्यापीठात थोरोवर याच्यापेक्षा लांब बोलतात, पण याच्यापुढे फारसं जात नाहीत.

तर अण्णांनी ठरवलं, शेतातल्या माळ्यावर राहायचं. पाखरं राखायला शाळवात उभा करतात तो माळा. पण अंगावरच्या धोतरानिशी जातील तर ते अण्णा कसले! आधी ऑनलाइन सामान आलं. सोलर पॅनेलची घडी, सहा हत्यारांचा एक चाकू, पाणी गाळायची नळी आणि हा डोक्याचा दिवा. दगडाच्या कुऱ्हाडीनं जगायला निघालेल्या माणसाच्या दारात तीन खोकी घेऊन पोरगा आला. काकूंनी खोकी तेवढी ठेवून घेतली, शेंगा भरायला.

"पण वाघाची भीती नाही का वाटली त्यांना?"

काकूंनी नुसतं वर बघितलं. आमच्याकडे वाघ हा आता म्हणींतला राहिलेला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये येडशी-रामलिंग अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात खराखुरा पट्टेरी वाघ आला. जिथं आम्ही श्रावणात रामलिंगला जाऊन, माकडांना फुटाणे टाकून परत येतो, तिथं! हे कॅमेरे झाडाला गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधतात. समोरून ऊन अंगाचं काही हललं की आपोआप फोटो निघतो. वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक लावतात, कारण वाघाच्या डाव्या कुशीचे पट्टे उजवीशी जुळत नाहीत. एका वाघाचे पट्टे दुसऱ्याला नसतात, म्हणून ते नोंदींशी ताडून बघितले, तर गडी निघाला यवतमाळच्या टिपेश्वरचा. साडेचारशे-पाचशे किलोमीटर चालत आलेला, कापसातून, तुरीतून, रस्ते ओलांडत. त्याच टिपेश्वरचा आणखी एक, गळ्यात पट्टा घातलेला, २०१९ मध्ये निघून तीन हजार किलोमीटरांच्या वर हिंडला आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगेला पोचला होता. आमच्याकडच्याचं नाव लोकांनी रामलिंग ठेवलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याला धरून सह्याद्रीत न्यायचं ठरलं. पथकं आली, ड्रोन आले, बेशुद्ध करायच्या बंदुका आल्या. पठ्ठ्या हाती लागेना.

मला त्या वाघाचं एक नवल वाटतं. त्याला बघितलं कॅमेऱ्यानं. आम्ही बघितले ते फोनवर आलेले वाघ. एक पेट्रोल पंपावर उभा, एक कुणाच्या ओसरीत बसलेला, एकाला तर नीट मोजलं तर पाच पाय. कॉम्प्युटरनं काढलेले, हे शेंबडं पोरही सांगेल. पण संध्याकाळी सातला दारं लागायची ती लागायचीच. ज्याच्या फोनमध्ये जंगलाचे सगळ्यात जास्त व्हिडिओ, त्याच्या दाराला दोन कड्या.

"मग काल काय झालं?"

"काल ह्येनी गेले. संगट डबा, घोंगडं, सगळं दिलं. माळ्यावर बसले. धा वाजता मला फोन, म्हणे लई शांत हाय, चांदण्या काय दिसत्यात. मी म्हणलं, कानटोपी घाला."

काकूंच्या शेजारच्या रानात एका तरुण पोराचा हरभरा आहे. कृषिपंपाची लाईट त्या आठवड्यात रात्रीची होती. आपल्याकडे ती आठवडा बदलून येते, दिवसा आली तर नशीब. पोरगं अकराच्या सुमारास मोटार चालू करायला गेलं. हातात काठी, खिशात फोनवर मोठ्यानं लावलेलं गाणं. वाघ आल्यापासून रात्री पाणी देणारे सगळे असंच करतात, जनावराला आपली चाहूल लागावी म्हणून. अण्णांना चांदण्यांत मधेच ढोलकी ऐकू आली. कोण आहे ते बघावं म्हणून त्यांनी डोक्यावरचा दिवा लावला. त्या दिव्याला बटण एकच. एकदा दाबलं की प्रखर, दुसऱ्यांदा मंद, तिसऱ्यांदा लाल, चौथ्यांदा लाल लुकलुकणारा. अण्णांनी घाबरून चारदा दाबलं.

खाली पोरानं काय बघितलं असेल? अंधारात, जमिनीपासून दहा फूट वर, लुकलुकणारा लाल दिवा. इकडे तिकडे वळतोय! २०२४ च्या जून-जुलैत बीड, धाराशिव, संभाजीनगरकडे रात्री असेच दिवे आभाळात दिसत होते. चोर आधी ड्रोननं घरं हेरतात अशी बोलवा उठली होती, आणि गावोगावची पोरं काठ्या घेऊन रात्री जागली होती. हे पोरगंही जागलं होतं. त्यानं आधी फोटो काढला, ग्रुपवर टाकला आणि मग दगड उचलला.

"लागला का हो?"

"माळ्याला लागला. ह्येनी वरून वरडले, आरं मी हाय! त्यो खालनं, मी म्हंजे कोण? ह्येनी म्हणले, खव्याचा अण्णा! तवा कुठं थांबला."

मग काय, पोरानं त्यांना खाली उतरवलं, मोटारीपाशी शेकोटी केली. काडेपेटीनं, एका काडीत. दोघांनी काकूंचा डबा खाल्ला. पोरगं म्हणालं, अण्णा, तुमाला हौस हाय तर माझ्या पाळ्या तुमीच करा की, मला रातची झोप तरी मिळंल. अण्णा त्यावर काही बोलले नाहीत म्हणे. साडेबाराला पोरानं त्यांना मोटारसायकलवर घरी आणून सोडलं आणि पुन्हा पाणी बघायला गेलं. बारं व्हायला पहाट होणार होती.

"आता काय करतायत?"

"झोपलेत. उठले की म्हणतील, ट्रायल हुती."

"आणि तुम्ही हा दिवा का बांधलाय?"

"शेळी व्याली पहाटं, दोन करडं. ह्यो लावला, दोन्ही हात मोकळे ऱ्हायले. लई कामाचा हाय." काकूंनी कपाळाकडे हात नेला, बटण दाबलं. प्रखर झाला. पुन्हा दाबलं, मंद. पुन्हा, लाल. पुन्हा, लाल लुकलुकणारा. "फकस्त बंद कुठं हुतो ते गावंना."

मी भिंतीवरून वाकून बघितलं, मलाही गावेना. काकू तशाच, लुकलुकत, करडांना बघायला गोठ्याकडे गेल्या.