सगळेच जातात हो तिथे

आमच्या साडूंना तुम्ही ओळखता. नाव वेगळं असेल, पण तुम्ही कधीतरी उत्साहाने सहलीचं ठिकाण सांगितलंय आणि समोरून कपबशीआडून उत्तर आलंय, “हॅः! तिथे सगळेच जातात.” तेच ते.

पुण्यात होते तेव्हा सिंहगड त्यांनी रविवारच्या भजीवाल्यांना आंदण देऊन टाकला होता. राजगडावर एकरंगी टी-शर्टातले ग्रुप दिसू लागले, तेव्हा तोही सोडला. आता ह्यूस्टनला असतात आणि त्यांच्या तडाख्यात माया संस्कृती सापडली आहे.

आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो असताना मेक्सिकोचा बेत ठरला. अमेरिकेचा व्हिसा असला की तिथला वेगळा लागत नाही. त्यामुळे अडचण एकच उरली : साडू.

मी भीत भीत चिचेन इत्साचं नाव काढलं. पिरॅमिडच्या चारी बाजूंना 91-91 पायऱ्या, वरचा चौथरा धरून 365, वर्षाचे दिवस मोजून घ्यावेत! दिवस-रात्र समान असतात त्या सुमाराला जिन्याच्या कडेने सावलीचा नाग उतरताना दिसतो.

“दिसतो ना,” साडू म्हणाले, “आणि त्याच्याकडे हजारो फोन रोखलेले असतात. वर्षाला वीस लाखांवर माणूस! वर पाऊलही टाकू देत नाहीत. सगळेच जातात हो तिथे.”

बायकोने तुलूमचा फोटो पुढे केला. समुद्राच्या कड्यावर तटबंदीचं गाव, खाली निळं पाणी.

“कॅनकूनच्या हॉटेलांतली मंडळी खांद्यावर टॉवेल टाकून येतात. सगळेच!”

उश्मालला मात्र ते विरघळले. भिंतीभर चाक या पर्जन्यदेवाचे लांबनाके मुखवटे. नदी नाही, म्हणून जमिनीत टाकी खोदून पावसाचं पाणी साठवायचं, हे त्यांनी राजगडावरची टाकी दाखवताना लावायचे त्याच सुरात समजावलं. मग भानावर आले. “पण मेरिदाहून बसेस सुटतात.” काट.

पालेंकेला आवाज कातर झाला. बाराव्या वर्षी गादीवर बसून अडुसष्ट वर्षं राज्य करणारा पकाल, मंदिराच्या पोटात लपलेली त्याची कबर, 1952 मध्ये अल्बेर्तो रुस यांनी ती उघडली तो क्षण... आम्ही बॅगा भरायच्याच बेतात होतो. “आता रेल्वे झाली तिथे.” काट.

उरलं कालाकमुल. ग्वाटेमालाच्या सीमेजवळचं जंगल, हमरस्त्यापासून साठेक किलोमीटर आत, पंचेचाळीस मीटरचा पिरॅमिड. “वर चढू देतात, आणि कुणी म्हणजे कुणी जात नाही!”

“त्यालाही स्टेशन झालंय,” मेहुणी म्हणाली.

“स्टेशनाच्या पुढे जंगल आहे!”

मी म्हटलं, भरभराटीच्या काळात तिथे पन्नास हजारांची वस्ती होती म्हणतात. एवढाले पिरॅमिड राजांनी काय एकांतासाठी बांधले? गर्दीनं माना वर करून बघावं म्हणूनच ना? साडूंनी मुद्दा झटकला. लोप पावलेली संस्कृती शांततेतच अनुभवावी लागते, असं ते नंतर गाडीतही बराच वेळ सांगत होते. पुढे ड्रायव्हर फोनवर आईशी माया भाषेत बोलत होता. साडूंनी त्याला जरा हळू बोलायला सांगितलं.

पिरॅमिडच्या माथ्यावर पोचलो. क्षितिजापर्यंत नुसतं हिरवं रान, कुठेतरी माकडांचं घुमणं. साडूंनी डोळे मिटून श्वास घेतला आणि मागून आवाज आला, “काका, तुम्ही पण इथे?”

डॅलसचं मराठी कुटुंब, आजीसकट. “गणपतीत मंडळात तुम्ही स्लाइड दाखवल्या होत्या ना? तेव्हाच ठरवलं!”

मला वाटलं, आता चिडणार. पण गृहस्थाने आजींना हात धरून पायरी पायरी खाली उतरवलं, प्रत्येक शिलालेखापुढे उभं केलं, स्वतःची पाण्याची बाटली त्यांना दिली आणि वाटेत भेटलेल्या दोन जर्मनांनाही ओढून घेतलं. हा माणूस आयुष्यभर निर्मनुष्य जागा शोधतो आणि सापडली की ती कुणाला तरी सांगितल्यावाचून त्याला अन्न गोड लागत नाही. आम्ही त्याला हसत हसत निम्मा सह्याद्री त्याच्याच बोटाला धरून पाहिलाय, हे मान्य करायला जड जातं इतकंच.

परतताना त्यांनी जाहीर केलं, कालाकमुल संपलं. आता याश्चिलान. तिथे रस्ताच जात नाही, नदीतून होडीने जावं लागतं. पुढच्या गणपतीत मंडळात त्याच्या स्लाइड आहेत.