आधी सीए, मग डॉक्टर

खेड्यात दवाखाना चालवायचा तर डॉक्टर लागतो, अशी शहरातल्या लोकांची एक भाबडी समजूत आहे. लागतो, नाही असं नाही. पण त्याचा नंबर फार खाली आहे. आधी सीए लागतो. मग महा-ई-सेवा केंद्रातला पोरगा, मग झेरॉक्सवाला, मग फ्लेक्सवाला, मग फोटोवाला. या सगळ्यांची बिलं भागून परिशिष्ट 'क'मध्ये एखादा रकाना उरला, तर डॉक्टर. रुग्णाला स्वतंत्र रकाना नाही. तो 'लाभार्थी संख्या' या सदराखाली मोडतो.

आमच्या तालुक्यात एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. वाचनालय आणि वर्षातून एक नेत्रशिबिर एवढ्यावर समाधानी असलेली एक जुनी संस्था ते सचिव म्हणून सांभाळतात. त्यांच्या मनात आलं, डोंगरावरच्या पाड्यांतल्या गरोदर बायका तपासणीसाठी पायपीट करत खाली येतात, त्यापेक्षा आठवड्यातून एकदा फिरता दवाखानाच वर नेला तर? भाड्याची जीप, एक डॉक्टर, एक नर्स, बीपीचं यंत्र, हिमोग्लोबिन तपासायचं सामान, लोहाच्या गोळ्या. कल्पना नामी होती. फक्त तिला लेखाशीर्ष नव्हतं.

लेखाशीर्ष ही काय चीज आहे हे ज्यांना माहीत नाही, ते सुखी लोक आहेत. सरकारी अंदाजपत्रकात २२१० म्हणजे वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य. २२११ म्हणजे कुटुंब कल्याण. ४२१० म्हणजे आरोग्यावरचाच, पण भांडवली खर्च, इमारती वगैरे. गुरुजींचा प्रस्ताव जिल्ह्याच्या ठिकाणी पोचला तेव्हा तिथल्या भाऊसाहेबांनी तो एकदा वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "गुरुजी, तुमची बाई आजारी आहे का?"

"नाही हो, गरोदर आहे."

"मग ती २२११. पण बीपी वाढलेलं असेल तर २२१०. आणि जीप?"

"भाड्याची."

"विकत घेतली असती तर ४२१० मध्ये बघता आलं असतं." भाऊसाहेबांना खरोखर वाईट वाटलं. जीप, बाई आणि बीपी ही तीन वेगवेगळ्या खिडक्यांची कामं आहेत आणि गुरुजी ती एकाच फायलीत घालून घेऊन आले होते.

योजना शोधणं हा त्याच्याही आधीचा अध्याय. योजना भरपूर आहेत, त्या शासन निर्णयांत आहेत आणि शासन निर्णय संकेतस्थळावर आहेत. एखादा जीआर उघडावा तर सुरुवातीला 'वाचा' म्हणून आधीच्या नऊ-दहा जीआरची यादी येते. त्यातला पहिला उघडावा तर त्यातही 'वाचा' असतं. वाचत वाचत माणूस मागे जातो आणि शेवटी कळतं की मूळ योजना बंद पडलेली असून तिच्यातली सुधारणा तेवढी चालू आहे. प्रत्येक निर्णय महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने निघालेला असतो, त्यामुळे भांडायचं कोणाशी, हाही प्रश्नच.

त्यात आमचा तालुका. तो डोंगरावर आहे हे एसटीच्या ड्रायव्हरला विचारा. पण सरकारदरबारी डोंगरही दोन प्रकारचे असतात, पूर्ण गटातले आणि उपगटातले. आमचे उपगटातले निघाले. उपकेंद्राचा निकष सपाटीवर ५,००० लोकसंख्येला एक, डोंगरी आणि आदिवासी भागात ३,००० ला एक. पाड्यांची बेरीज भरली २,८००. दोनशे माणसं कमी पडली! ज्या गावांनी कुटुंब नियोजनाचा संदेश मनावर घेतला, त्यांना त्याचं फळ असं मिळतं. शिवाय ही बेरीज २०११ च्या जनगणनेची. त्यानंतर जन्मलेली पोरं शाळेत जातात, गोवर झाला तर तापानं फणफणतातही, पण कागदावर अजून जन्माला यायची आहेत.

"मग वर उपकेंद्र नाही, म्हणूनच तर फिरता दवाखाना हवा," गुरुजी म्हणाले.

"बरोबर. फक्त जवळच्या उपकेंद्राचं शिफारसपत्र जोडा."

कागदपत्रांची यादी पानभर होती. संस्था नोंदणी, घटना, मागच्या तीन वर्षांचे ऑडिट, बारा-ए, ऐंशी-जी, पॅन, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक, ग्रामसभेचा ठराव, ५०० रुपयांच्या स्टँपवर बाँड. (१०० चा मुद्रांक २०२४ च्या ऑक्टोबरपासून निवृत्त झाला, गुरुजींना पेन्शन आहे, त्याला तेही नाही.) हे सगळं जमलं. अडलं ते मयत अध्यक्षांपाशी.

संस्थेचे अध्यक्ष वारले होते. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ प्रमाणे विश्वस्तांत बदल झाला की ९० दिवसांत बदल अर्ज करायचा असतो, तसा तो केलेलाही होता. पण अर्ज करणं वेगळं आणि बदल होणं वेगळं. निकाल येईपर्यंत कागदोपत्री अध्यक्ष तेच. मग पोर्टलवर लॉगिन करायची वेळ आली आणि ओटीपी गेला अध्यक्षांच्या मोबाइलवर. तो मोबाइल आता त्यांच्या नातवाकडे पुण्यात आहे. पोरगा गुणी. भरल्या मीटिंगमधून ओटीपी कळवायचा. भाऊसाहेब मात्र नियमाला धरून होते. ते म्हणाले, "अध्यक्षांची सही लागेल."

"ते वारले."

"मृत्यूचा दाखला जोडा."

"जोडलाय, बदल अर्जाबरोबर."

"तो तिकडच्या फायलीत. इकडच्या फायलीत ते हयात आहेत."

अशा वेळी मला जामखेडची आठवण होते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथं काम सुरू केलं ते गुरांच्या एका जुन्या, पडीक दवाखान्यात. ज्या बायकांना त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केलं, त्यांतल्या कितीतरी जणींना अक्षरओळख नव्हती. ९ वर्षांत मॅगसेसे पुरस्कार आला. पण समजा, त्यांनी सुरुवातीलाच आमच्या भाऊसाहेबांकडे प्रस्ताव दिला असता. जागेचा उतारा? गुरांच्या दवाखान्याचा. म्हणजे पशुसंवर्धनची नाहरकत आणा. मनुष्यबळाची शैक्षणिक पात्रता? अंगठा. अंगठ्याचा ठसा स्वाक्षरीच्या रकान्यात घ्यावा, पात्रतेच्या रकान्यात नव्हे, अशी त्रुटी निघाली असती. गडचिरोलीत बंग दांपत्याने ३९ गावांत खेड्यातल्या बायांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळं वाचवून दाखवली, आणि २०११ मध्ये ती पद्धत देशभरच्या आशाताईंच्या कामात आली. त्यांच्याही प्रस्तावावर 'सदर कामाचा पूर्वानुभव दिसून येत नाही' असा शेरा पडला असता. पडायलाच हवा. जगात कोणीच केलेलं नव्हतं, तर अनुभव आणायचा कुठून?

'एवढी यातायात कशाला, गावाच्या हातात पैसा असतोच की,' असं म्हणणारे एक गृहस्थ मला भेटले. असतो. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये आलं, त्यातून गावोगाव आरोग्य, पोषण आणि स्वच्छतेची समिती झाली आणि समितीला वर्षाला १०,००० रुपये ठरले. दीड हजार वस्तीच्या गावात माणशी वर्षाचे पावणेसात रुपयेसुद्धा होत नाहीत. एवढ्या रकमेत काय येतं ते मेडिकलवाल्याला विचारून बघा. तो सुट्टे नाहीत म्हणून गोळी देईल हातावर. शिवाय गेल्या साली जेवढे खर्चले तेवढेच यंदा भरून मिळतात. म्हणजे गाव वर्षभर ठणठणीत राहिलं की यंदाच्या निधीला मुकलं. आमच्या शेजारच्या गावातल्या आशाताईंनी हे बरोबर ओळखलंय. त्या फेब्रुवारीतच ब्लीचिंग पावडर आणि सतरंजी घेऊन मोकळ्या होतात. साथ आली तर पावडर आहे, बैठक आली तर सतरंजी आहे.

असो. गुरुजींचा प्रस्ताव मंजूर झाला, यावर माझाही विश्वास बसला नव्हता. प्रशासकीय मान्यता झाली, निधी वितरणाची बीडीएस निघाली, आणि पहिला हप्ता खात्यावर पडला तो २७ मार्चला. सोबत पत्र : सदर रक्कम मार्चअखेर खर्ची टाकून अहवाल सादर करावा. उद्दिष्ट, ३०० तपासण्या.

सरकारी आरोग्यसेवेत मार्च हा खरा साथीचा महिना आहे. अख्खं वर्ष तापात गेलेलं असतं आणि औषध येतं मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, तेही बिलाच्या रूपात. वजनकाटे येतात, कपाटं येतात, 'हात धुवा'चे फ्लेक्स येतात. पाणी एप्रिलपासून आटतं, ते वेगळ्या खात्याचं आहे. बँकेत रांग, कोषागारात रांग, झेरॉक्सवाल्याकडे तर लग्नघराची धांदल.

पाड्यांवर गरोदर बायका होत्या ४३. गुरुजींनी फोन करून सांगितलं, उद्दिष्ट ३०० आहे आणि बायका ४३.

पलीकडून कॅल्क्युलेटरची टिकटिक ऐकू आली. "सात वेळा तपासा एकेकीला. एक जास्तच होईल."

गुरुजी जुन्या वळणाचे. त्यांनी ४३ जणींना एकेकदाच तपासलं, दोघींचं हिमोग्लोबिन फार खाली निघालं म्हणून त्यांना त्याच जीपमधून ग्रामीण रुग्णालयात पोचवलं आणि अहवालात ४३ हाच आकडा लिहिला. आता हा आकडा बघून कोणाला आनंद व्हावा? अहवाल परत आला. उद्दिष्टपूर्ती १४ टक्के, खुलासा करावा. दुसरी त्रुटी फोटोंची. फोटो जिओ-टॅग हवे होते. पाड्यावर रेंज नाही, त्यामुळे ॲपने शेवटचं ठिकाण पकडलं ते तालुक्याच्या एसटी स्टँडचं. '४३ गरोदर मातांची तपासणी बसस्थानकात का करण्यात आली?' पोटावर स्टेथोस्कोप लावलेल्या बाईच्या मागे फोटोत स्वच्छ डोंगर दिसतो. पण अक्षांश-रेखांश खोटं बोलत नाहीत, डोंगर बोलू शकतो.

जीपवाल्याची पावतीही त्रुटीत निघाली. दोन बाया रुग्णालयात नेल्याचे जादा किलोमीटर 'मंजूर मार्गाबाहेरचे' ठरले. ते गुरुजींनी पेन्शनमधून भरले.

एवढं होऊनही उपयोगिता प्रमाणपत्र गेलं, नमुना जीएफआर १२-अ मध्ये, सीएच्या सही-शिक्क्यासह. आता दुसरा हप्ता येणार, अशा आशेवर आम्ही होतो. आलं ते पत्र. अनुदानाच्या रकमेवर बँकेने व्याज दिलं होतं, ४१ रुपये. अनुदानावरचं व्याज संस्थेला ठेवता येत नाही, ते सरकारजमा करायचं असतं, आणि नियम असा की ज्याच्या त्याच्या हिश्श्याप्रमाणे. अनुदान आरोग्य अभियानातलं, आणि अभियानात केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. म्हणजे केंद्राच्या एकत्रित निधीत २४ रुपये ६० पैसे आणि राज्याच्या एकत्रित निधीत १६ रुपये ४० पैसे, दोन स्वतंत्र चलनांनी. पैसे भरल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. सीएने सांगितलं, पैशांत भरणा घेतील की रुपयात, हे विचारून घ्या. पण लेखी विचारा.

तेव्हा येत्या सोमवारी गुरुजी पुन्हा जिल्ह्याला निघालेत. पंचाहत्तरी उलटल्यामुळे एसटी त्यांना फुकट आहे. सगळ्या सरकारी योजनांत अर्ज, ठराव आणि बाँड न देता त्यांना मिळालेला हा एकच लाभ. कंडक्टर आधार कार्ड बघतो आणि शून्य रुपयांचं तिकीट हातात देतो. त्याने अजून उपयोगिता प्रमाणपत्र मागितलेलं नाही.