नर्सिंग होमच्या कल्पक चालकांना खुले पत्र

प्रति,
अमेरिकेतील कल्पक नर्सिंग होमचालक

विषय : रहिवाशांचे हक्क कागदावर सुखरूप ठेवल्याबद्दल अभिनंदन



वृद्ध व परावलंबी माणसे चोवीस तासांच्या शुश्रूषेसाठी, पुष्कळदा अखेरपर्यंत, जेथे राहतात त्या संस्थांसाठी अमेरिकेत 1987 साली झालेला सुधारणा कायदा, मेडिकेअर ही वृद्धांची केंद्रीय विमायोजना आणि मेडिकेड ही अल्प उत्पन्न गटाची योजना यांचे पैसे घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला लागू आहे. रहिवाशाला त्याचे हक्क तोंडी व लेखी कळवावेत, असे हा कायदा सांगतो आणि चालकवर्ग ते प्रवेशाच्या दिवशी, सह्यांच्या बाडात मध्येच कोठेतरी, इमानेइतबारे कळवतो. त्या दिवशी कुटुंबीय वाचण्याच्या मनःस्थितीत नसतात, हा निव्वळ योगायोग समजावा. त्याच बाडात ‘जबाबदार व्यक्ती’ या निरुपद्रवी मथळ्याखाली मुलाची किंवा मुलीची सही असते. तिसऱ्या व्यक्तीने बिलाची हमी द्यावी, अशी प्रवेशाची अट घालण्यास मनाई असल्याने ती हमी मागितली जात नाही, केवळ घेतली जाते.

खरी प्रतिभा मात्र औषधांच्या कपाटापाशी दिसते. रासायनिक बंधन, म्हणजे उपचारासाठी नव्हे तर शिस्तीसाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी दिलेले गुंगी आणणारे औषध, कायद्याने निषिद्ध आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना मनोविकारविरोधी औषधे दिल्यास मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकी औषध प्रशासनाने 2005 सालीच देऊन ठेवला आहे. तथापि गुंगीतला रहिवासी घंटा वाजवत नाही, आणि त्याच्यासाठी जादा परिचारिका नेमावी लागत नाही. अशा औषधांच्या वापरावरून संस्थेचा दर्जा मोजताना स्किझोफ्रेनियाचे रुग्ण वगळले जातात हे लक्षात आल्यावर, सामान्यतः तारुण्यात उद्भवणारा हा विकार काही संस्थांच्या नोंदवहीत ऐन म्हातारपणी उद्भवू लागला. वैद्यकशास्त्राला दिलेल्या या देणगीची कदर न करता केंद्रीय यंत्रणेने 2023 साली अशा निदानांची पडताळणी आरंभली, हे खेदजनक होय.

रहिवाशाला बाहेर काढण्यास कायदा सहाच कारणे मान्य करतो, बहुधा तीस दिवसांची लेखी सूचना मागतो आणि अपिलाची मुभा देतो. मेडिकेडचा दर खाजगी दरापेक्षा कमी असल्याने मेडिकेडवरील रहिवासी रुग्णालयात गेला की त्याची खाट चटकन भरते आणि नंतर बराच काळ रिकामी होत नाही. पहिली मोकळी होणारी खाट त्यालाच मिळावी, हा नियम खाटेला ठाऊक नसावा.

2023 सालच्या टालेव्हस्की खटल्याने महोदयांनी विचलित होऊ नये. अनावश्यक बंधने आणि मनमानी स्थलांतर यांविरुद्ध रहिवासी केंद्रीय नागरी हक्क कायद्याखाली दावा लावू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ठरवले खरे. पण प्रतिवादी संस्था शासकीय होती, तो मार्ग शासकीय संस्थांविरुद्धच चालतो, आणि बहुतांश नर्सिंग होम खाजगी आहेत. राज्यांच्या कायद्यांखालील दावे तेवढे उरतात, आणि ते लावण्यासाठी आधी कोणीतरी जागे असावे लागते.

कळावे,
एक कृतज्ञ नागरिक

प्रत माहितीसाठी : राज्याचे दीर्घकालीन शुश्रूषा लोकपाल, म्हणजे रहिवाशांच्या तक्रारींचा पाठपुरावा करणारे अधिकारी. त्यांचा दूरध्वनी क्रमांक रहिवाशांना दिसेल असा लावणे सक्तीचे आहे. तो कुंडीमागे असल्यास कुंडी हलवावी.