क्वालिटीवाल्यांचा गुरुवार

चाकण-भोसरी पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांना सुट्टी गुरुवारची, आणि त्या दिवशी निगडी प्राधिकरणापासून मोशीपर्यंत कुठल्याही सोसायटीत एक गृहस्थ कॉम्प्युटरच्या टेबलाखाली डोकं घालून बसलेले सापडतात. बाहेर फक्त हाफ पँट आणि तळपाय. हे चाकणच्या कुठल्यातरी कंपनीतले क्वालिटीवाले. घरी मॉनिटर दोन. डावीकडचा जुना, ६० हर्ट्‌झचा. उजवीकडचा चिरंजीवांच्या गेमच्या हट्टापायी आलेला, १४४ हर्ट्‌झचा. एकावर मॅच लावायची, दुसऱ्यावर एक्सेल उघडायचं, अशी बैठक. तक्रार एवढीच की बोलरने हात फिरवला की ऐन वेळी मॅच गचका खाते आणि बॉल मधला प्रवास वगळून थेट कीपरच्या ग्लोव्हजमध्ये दिसतो. यांना दुरुस्ती जमत नाही, असं घरचे म्हणतात. ते मला पटत नाही. दुरुस्ती यांच्याइतकी कुणालाच येत नाही. फक्त ती चाकणला येते, घरी येत नाही.

कंपनीत त्यांना बघावं. एखाद्या बोअरचं माप दहा मायक्रॉनने सरकलं, की आधी सगळा लॉट लाल टॅग लावून बाजूला. मग प्रश्न सुरू. कुठल्या मशीनवर येतंय, कुठल्या मशीनवर येत नाही? कुठल्या शिफ्टला? टूल बदलण्याच्या आधी की नंतर? इशिकावांचा कारणं शोधायचा मासा फळ्यावर काढला जातो, व्हाय-व्हाय पाचव्या प्रश्नापर्यंत नेलं जातं, आणि एका वेळी एकच पॅरामीटर बदलायचा, हा नियम मोडणाऱ्याची खैर नसते. भोसरीच्या एखाद्या सप्लायरने आठ डीच्या, म्हणजे दोषनिवारणाच्या आठ पायऱ्यांच्या, रिपोर्टात मूळ कारण म्हणून ‘ऑपरेटरची चूक’ आणि उपाय म्हणून ‘ऑपरेटरला समज दिली’ असं लिहिलं, तर तो रिपोर्ट त्याच दिवशी परत जातो.

हेच गृहस्थ गुरुवारी सकाळी ब्राउझरचं हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद करतात, ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर नवा घालतात, केबल बदलतात, राउटर खिडकीत नेऊन ठेवतात आणि जाता जाता रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने घासतात. हे सगळं एका दमात, आणि मग एकच रीस्टार्ट. मॅच नीट चालली तर कशामुळे चालली ते सांगता येत नाही. नाही चालली तर नेटवाला चोर ठरतो. म्हणजे घरच्या रिपोर्टात मूळ कारण तेच, ऑपरेटरची चूक. फक्त इथला ऑपरेटर मोबाइल कंपनीचा.

वास्तविक चाकणची पद्धत लावली असती, तर काम चहा निवायच्या आत झालं असतं. डाउनलोड केलेला व्हिडिओही गचके खातो का? खात असेल तर नेटवाला निर्दोष. एक मॉनिटर काढला की गचका जातो का? जात असेल तर शोध दोघांच्या जोडीत घ्यायचा. ६० हर्ट्‌झचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनी चित्र बदलतो, १४४ चा दर ६.९ ने. दोन्ही पडद्यांची मांडणी विंडोजमधला एकच कारभारी करतो, आणि वेगवेगळे वेग सांभाळताना तो पूर्वी फार गडबडायचा. मे २०२० च्या विंडोज १० च्या अपडेटने ती खोड बरीचशी गेली, सगळी नाही. १४४ चा मॉनिटर १२० वर आणला की तो ६० च्या बरोबर दुप्पट होतो आणि बऱ्याचदा भांडण मिटतं. एक केबल ग्राफिक्स कार्डात आणि दुसरी चुकून मदरबोर्डाच्या मागच्या खाचेत गेली असेल, तर तेही गचक्याचं कारण असू शकतं. आणि काही गचके तर दोषच नव्हेत. सेकंदाला २४ चित्रांचा सिनेमा १४४ वर प्रत्येक चित्राला सहा पाळ्या देतो; ६० वर एकाला दोन, पुढच्याला तीन. ‘स्पेसिफिकेशनमध्येच आहे’ हे वाक्य कस्टमरला ऐकवणाऱ्या माणसाला एवढं तरी सुचायला हवं.

यावर कुणी म्हणेल, घरी कागद कोण भरणार? पण एका वेळी एकच गोष्ट बदलायला कागद लागत नाही, धीर लागतो. दुसरा म्हणेल, शेवटी चालू होतं ना, मग झालं! होतं खरं, पण पुढच्या अपडेटनंतर गचका परत आला की पाचही उपाय पुन्हा करावे लागतात, खोडरबरासकट. सर्वांत वजनदार आक्षेप असा, की आठवड्यातले सहा दिवस शिस्तीत घालवलेल्या माणसाला एक दिवस बेशिस्तीची मुभा असावी. मान्य. पण मग ती शिस्त त्यांची होती कधी? ती ऑडिटच्या तारखेची होती, कस्टमरच्या मेलची होती. घरात ऑडिटर येत नाही, म्हणून पद्धत कंपनीच्या बसमध्येच राहते.

तेव्हा उपाय सेटिंगमध्ये शोधण्यात अर्थ नाही. घरच्यांनी कस्टमर व्हावं. ‘मॅच गचके खाते, तात्पुरता उपाय २४ तासांत कळवा’ असा रीतसर मेल घरच्या बाईंनी सीसीत चिरंजीवांना ठेवून पाठवावा. गृहस्थ आधी फॉरमॅटवरून वाद घालतील, मग टेबलाखालून बाहेर येतील आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा घरी एका वेळी एकच केबल काढतील. रिपोर्टही वेळेत देतील. फक्त त्यात ‘ऑपरेटरला समज दिली’ असं आलं, तर बाईंनी तो त्याच दिवशी परत पाठवावा.